राजाचे ताट आणि रांधणारीचे डोळे

इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी सहसा माजघराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन परत फिरते. दरबारात कोण कोठे बसला, लढाईत कोण पडला, गादीवर कोण आला, हे सारे टिपून ठेवले जाते. परंतु ज्या चुलीवर त्या दरबाराचे आणि त्या सैन्याचे अन्न शिजले, त्या चुलीपुढे बसणारीने कोणते ज्ञान सांभाळले आणि त्याची कोणती किंमत मोजली, याची नोंद क्वचितच सापडते. तरीही हा इतिहास अगदीच पुसला गेलेला नाही. तो आपल्या भाषेत मुरलेला आहे. ‘पदर खोचून कामाला लागणे’ हा वाक्प्रचार आपण सभेच्या व्यासपीठावरूनही वापरतो. परंतु मुळात ती विस्तवाजवळ वावरणाऱ्या बाईने घ्यावयाची खबरदारी आहे. सैल पदर आणि चुलीतील जाळ यांची गाठ पडू नये म्हणून तो खोचावयाचा, हे आईने मुलीला न सांगता शिकविले, आणि पुढे तेच उद्योगशीलतेचे प्रतीक होऊन बसले.

या लेखात स्वयंपाकघरातील व्यवहारज्ञानाचा, म्हणजे मिठामोहरीपासून विस्तवाच्या धाकापर्यंतच्या शहाणपणाचा, मागोवा घ्यावयाचा आहे. हा मागोवा घेताना एक प्रश्न सारखा समोर उभा राहतो. स्वयंपाकघर सुरक्षित असावे असे आपल्या पूर्वजांना वाटत होते यात शंका नाही. पण ते कोणासाठी? जेवणाऱ्यासाठी की रांधणारीसाठी? या दोन प्रश्नांची उत्तरे एक नाहीत, आणि त्यांच्यातील अंतर तुटावयास दीड-दोन हजार वर्षे लागली.

प्रथम जेवणाऱ्याकडे पाहू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पहिल्या अधिकरणात राजाच्या आत्मरक्षणाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. राजाचे अन्न सुरक्षित जागी शिजवावे, चाखून पाहावे, आधी अग्नीला आणि पक्ष्यांना द्यावे, आणि मगच राजाने ते ग्रहण करावे, अशी त्यात व्यवस्था आहे. विषारी अन्न विस्तवात पडले की ज्वाळेचा रंग पालटतो व तडतड आवाज होतो, अशी लक्षणेही तेथे दिली आहेत. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा पहिलाच अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे, आणि आजच्या वाचकाला तो चकित करून सोडतो. पाकशाळा योग्य दिशेला व प्रशस्त जागी असावी. तिला जाळीदार व पुष्कळ खिडक्या असाव्यात. भांडी स्वच्छ असावीत. विश्वासू माणसांखेरीज कोणी आत जाऊ नये. स्वयंपाक्यांनी नखे व केस कापलेले असावेत, स्नान केलेले असावे, डोक्याला वस्त्र बांधलेले असावे. आणि या सर्वांवर वैद्याची देखरेख असावी. आज एखाद्या मोठ्या खाणावळीच्या भिंतीवर आरोग्यखात्याने लावलेली नियमावली वाचली, तर तिच्यात याहून फार वेगळे काही सापडणार नाही.

मात्र हे सर्व नियम कोणाच्या रक्षणासाठी होते हे विसरता कामा नये. ते राजाच्या ताटाच्या रक्षणासाठी होते. खिडक्या होत्या त्या महानसासाठी. गावातील सामान्य झोपडीत खिडकी नव्हती. नखे कापावयाची ती राजाच्या अन्नात मळ जाऊ नये म्हणून. स्वयंपाक्याकडे शास्त्र पाहते ते संभाव्य विषप्रयोगाचे साधन म्हणून; त्याचा हात भाजेल, त्याच्या डोळ्यांत धूर जाईल, ही चिंता त्या अध्यायाचा विषय नाही. यात ग्रंथकाराला दोष देण्याचे कारण नाही, कारण शास्त्र ज्याच्या आश्रयाने वाढते त्याचेच प्रश्न ते आधी सोडविते. पण इतिहासकाराने हा पक्षपात नोंदवून ठेवला पाहिजे.

दुसरा मोठा टप्पा आपल्या अगदी जवळचा आहे. आज कर्नाटकातील बीदर जिल्ह्यात असलेले आणि एके काळी हैदराबाद संस्थानाच्या हद्दीत मोडणारे बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी होती. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात मंडक म्हणजे आपले मांडे, पोळ्या, वटक, दोसक, इडरिका असे पदार्थ भेटतात; डाळींना हिंग, हळद आणि सैंधव लावण्याची रीत भेटते. तिखटपणासाठी तेथे मिरे आहेत, सुंठ आहे. मिरची मात्र नाही, कारण ती अजून समुद्रापलीकडे अमेरिकेच्या भूमीत होती. ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आपल्याकडे आली, आणि आपण तिला मिऱ्याच्याच कुळातले नाव देऊन घरात घेतले. आज मिरचीवाचून मराठी माणसाचा घास उतरत नाही. पण सोमेश्वराच्या मुदपाकखान्याने तिचे तोंडही पाहिले नव्हते.

याच मानसोल्लासात, संगीताच्या प्रकरणात, एक लहानसा उल्लेख आहे, आणि तो मला साऱ्या अन्नभोगाहून मोलाचा वाटतो. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असे सोमेश्वर सांगतो. मराठी छंदाच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून अभ्यासक या उल्लेखाकडे पाहतात, आणि ते योग्यच आहे. पण स्वयंपाकघराच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याचा अर्थ आणखी एक आहे. राजाने पदार्थांची वर्णने केली ती खाणारा म्हणून. मुसळ उचलणाऱ्या हातांकडे मात्र त्याचे लक्ष गेले ते त्यांच्या गाण्यामुळे. ती बाई काय जाणत होती, हे त्याने लिहिले नाही. ती गात होती, एवढे लिहिले. आपल्याला तेवढ्यावरच समाधान मानावे लागते.

मग ती बाई काय जाणत होती? ते ज्ञान ग्रंथांत नसले तरी घराघरांत होते, आणि पुष्कळसे अजूनही आहे. त्याची थोडी परीक्षा केली म्हणजे त्यामागील कार्यकारणभाव किती पक्का होता हे ध्यानात येते.

कल्हईचेच पाहा. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो ‘कळकतो’. या एका क्रियापदात केवढे रसायनशास्त्र भरले आहे! ताकातील किंवा चिंचेतील आम्ल तांब्यावर क्रिया करते, त्यातून तांब्याचे क्षार अन्नात उतरतात, चव बिघडते, तोंडाला पाणी सुटून मळमळते, आणि प्रमाण वाढले तर उलट्याजुलाब होतात. आजीला आम्लाचे सूत्र ठाऊक नव्हते, पण चिंचेचे सार कोणत्या पातेल्यात करावे आणि कोणत्यात करू नये हे ठाऊक होते. त्यावरील उपाय म्हणजे कथलाचा पातळ लेप. कल्हईवाला भाता लावून भांडे तापवी, त्यात नवसागराची पूड टाकी, पांढऱ्या धुराचा लोट उठे, आणि लगेच कथलाची कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने तो रस सर्वत्र पसरवी. नवसागर तापला की त्यातून निघणारे आम्ल भांड्यावरील गंज खाऊन टाकते आणि धातूचा स्वच्छ पृष्ठभाग उघडा पडतो. कथील २३२ अंशांवरच वितळते, म्हणून साध्या कोळशाच्या शेगडीवर हे काम साधते. कल्हई उडाली आहे की नाही हे पाहणे मात्र घरच्या बाईचे काम असे. कांडीत शिसे मिसळलेले असले तर रक्षणाचा हा लेपच विष होई. म्हणून ओळखीचाच कल्हईवाला बोलवावा, हाही त्या शास्त्राचाच एक नियम होता.

लोणच्याचे शास्त्र याहूनही सूक्ष्म. कैरीच्या फोडींना मीठ लावले की त्यांतील पाणी बाहेर पडते. खारटपणामुळे अन्न कुजविणारे जंतू वाढू शकत नाहीत. मोहरी अख्खी असताना तिला वास नसतो. ती कुटून पाण्यात फेसली म्हणजे तिच्यातील दोन घटक एकत्र येऊन तो नाकात चढणारा झणका तयार होतो, आणि तोच जंतूंना आवर घालतो. वर तेलाचा थर असला की हवा आत शिरत नाही व बुरशी धरत नाही. फोडणी पूर्ण निवल्यावरच लोणच्यावर ओतावी, कारण गरम तेलाने फोडी मऊ पडतात आणि मोहरीचा झणका उडून जातो. बरणीला ओला हात लावू नये, कारण पाण्याचा एक थेंबही मिठाचे प्रमाण तेथल्या तेथे ढळवितो. यातील प्रत्येक नियमाला सबळ कारण आहे. पण घरात ते कारण सांगितले जात नसे. नियम सांगितला जाई, आणि तो मोडणाऱ्यास शब्द बसत.

हाच त्या ज्ञानाचा गुण आणि हाच त्याचा दोष. कारणाशिवाय दिलेला नियम टिकतो चिवटपणे, पण त्यात शहाणपणाबरोबर भ्रमही तितक्याच चिवटपणे टिकतात. सोवळ्याने स्वच्छता सांभाळली हे काही अंशी खरे. पण त्याच सोवळ्याने कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या सावलीचा विटाळ होतो, हा अन्यायही सांभाळला. स्वच्छतेचे कारण उघड सांगितले असते तर तिला जातीचा आधार लागला नसता. भाजलेल्या जागी शाई, ओली कणीक किंवा तूप लावावे हा असाच एक पिढीजात भ्रम. आज वैद्यक सांगते की भाजलेला भाग वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा, आणि त्यावर दुसरे काही चोपडू नये. उलट, कढईतील तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी न टाकता झाकण घालावे, ही जुन्या बायकांची शिकवण शास्त्राच्या कसोटीला पूर्ण उतरते. पाणी तेलाहून जड असल्याने तळाशी जाते, क्षणात त्याची वाफ होते, ती मूळ आकारमानाच्या सोळाशे पटींहून अधिक फुगते आणि जळते तेल घरभर उडविते. झाकणाने मात्र हवा तुटते व जाळ आपोआप विझतो.

हे ज्ञान एका घरातून दुसऱ्या घरात तोंडोतोंडी जात असे. पण जी माणसे आपला मुलूख सोडून दूर गेली त्यांचे काय? तंजावर, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, पुढे नोकरीनिमित्त दिल्ली आणि कलकत्ता, असा मराठी कुटुंबांचा विस्तार झाला. नव्या सुनेला सासू जवळ नाही, शेजारीण दुसऱ्या भाषेची, बाजारात ओळखीची डाळ नाही, अशी स्थिती उद्भवली की तोंडी परंपरा अपुरी पडते. छापील पुस्तकाची खरी गरज तेथे भासते. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली प्रसिद्ध झाले. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आले, आणि रांधणाऱ्या स्त्रीनेच आपले ज्ञान स्वतःच्या नावाने छापण्याचा प्रघात दृढ झाला. १९७० साली कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ निघाली आणि तिने वाट्याचमच्यांच्या मापांनी अननुभवी हातांनाही धीर दिला. परप्रांतातील किती तरी मराठी घरांत या पुस्तकाने सासूची जागा घेतली असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. ‘अंदाजाने मीठ’ या दोन शब्दांत जे ज्ञान लपून बसले होते ते प्रथमच मोजमापाच्या उजेडात आले.

तथापि या ग्रंथपरंपरेचा भर स्वाभाविकच पदार्थावर राहिला. पदार्थ कसा उतरावा हे पुस्तकाने सांगितले. तो उतरविणारीच्या छातीत काय उतरत होते, ही गोष्ट वेगळ्याच माणसांनी हाती घेतली.

माझी एक आत्या बीदरकडील एका खेड्यात नांदत होती. तिच्या स्वयंपाकघराला धुराडे नव्हते. छपराची दोन कौले सरकवून ठेवलेली असत, आणि पावसाळ्यात तीही बंद करावी लागत. ओल्या सरपणावर फुंकणीने फुंकर घालताना ती तोंड फिरवून खोकत असे. आम्हा मुलांना डोळे चोळत बाहेर पळण्याची मुभा होती, तिला नव्हती. पन्नाशीच्या आतच तिची नजर मंदावली. तांदूळ निवडताना ती ताट दाराशी, उजेडात घेऊन बसू लागली, आणि पुढे पुढे खडा बोटांनीच शोधू लागली. ‘चुलीनं डोळे नेले’ असे ती सहज म्हणे. ती तक्रार नव्हती. पाऊस पडला, दिवस मावळला, तसेच तेही एक विधान होते. आम्ही कोणी त्यावर काही बोललो नाही, कारण त्यात बोलण्यासारखे काही आहे असे आम्हांला वाटलेच नाही. हे लिहिताना मला त्याचीच लाज वाटते.

ज्यांना त्यात बोलण्यासारखेच नव्हे तर करण्यासारखेही काही दिसले, अशी माणसे त्याच काळात या देशात होती. वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम १९३४ पासून चालू होते. तेथून १९४७ साली ‘मगन चूल’ पुढे आली. मातीचीच चूल, पण जाळ एका वाटेने खेळवून दोनतीन भांड्यांखालून नेलेला, आणि अखेर धूर धुराड्यातून बाहेर सोडलेला. आणि मग आपल्या हैदराबादेत, येथील अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक डॉ. एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीचे काम हाती घेतले. १९५३ साली त्यांनी इंग्रजीत एक पुस्तिका प्रसिद्ध केली; तिच्या नावाचा अर्थ ‘कोट्यवधींसाठी निर्धूर स्वयंपाकघरे’ असा होतो. धरणे आणि इमारती यांच्या बांधणीचा विचार जेथे व्हावयाचा, तेथील एका अभियंत्याला खेड्यातील मातीची चूल हा आपला विषय वाटावा, ही गोष्ट मला अत्यंत महत्त्वाची वाटते. सुश्रुताने राजाच्या पाकशाळेला ज्या खिडक्या दिल्या, त्या सामान्य रांधणारीला मिळाव्यात असा विचार पद्धतशीरपणे मांडणारे जे पहिले लोक, त्यांच्यात राजूंची गणना केली पाहिजे.

दुर्दैवाने पुढील इतिहास सरळ रेषेत गेला नाही. १९७० नंतर चुलीकडे पुन्हा जगाचे लक्ष वळले, पण ते रांधणारीसाठी नव्हे. जंगले तुटत आहेत आणि सरपण संपत आहे या भयाने. १९८३ पासून भारत सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविला, आणि तो २००२ मध्ये थांबेपर्यंत तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. त्यांतील पुष्कळ चुली अल्पकाळातच निरुपयोगी झाल्या. धुराडी काजळीने चोंदली, मातीला तडे गेले, भांड्याच्या बुडाशी चुलीचे तोंड जुळेना; आणि दुरुस्तीला कोणी फिरकेना. ज्या बाईच्या घरात चूल बसवावयाची तिला विचारूनच ती बांधली पाहिजे, हा साधा धडा कोट्यवधी रुपये खर्चून शिकावा लागला.

धुराने किती अपाय होतो याचे मोजमाप याच सुमारास प्रथम झाले. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातेतील खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर हवा मोजण्याची उपकरणे लावून पाहणी केली व तिचे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध केले. कारखान्यांच्या शहरात जी हवा दूषित समजली जाते तिच्याहून कितीतरी पट वाईट हवेत ही बाई रोज काही तास बसते, असे त्यातून दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातील धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसे दगावली. दम्यासारखे श्वासाचे विकार, हृदयविकार, लहान मुलांचा न्यूमोनिया आणि मोतीबिंदू यांच्याशी या धुराचा संबंध आता मान्य झालेला आहे. म्हणजे माझ्या आत्याचे ते एका ओळीचे विधान वैद्यकाच्या ग्रंथात जावयास एवढी वर्षे लागली.

धुराच्या जोडीला जाळ आहेच. १८९२ साली स्टॉकहोममध्ये फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने हवेच्या दाबाने रॉकेलची वाफ करून जाळणारा, काजळी न धरणारा स्टोव्ह तयार केला. हा प्रायमस आपल्या चाळींत आला तेव्हा तो मोठाच सुटकारा होता. सरपण नको, फुंकणी नको, राख नको. पंप मारावा, पिन मारावी, आणि निळी ज्योत भरभरू लागावी. पण दाबाखालील गरम रॉकेल हे खेळणे नव्हे. जळत्या स्टोव्हमध्ये रॉकेल ओतणे, भोक बुजलेले असताना दाब वाढवीत राहणे, भेसळीचे रॉकेल वापरणे, आणि जमिनीवरच्या स्टोव्हसमोर कृत्रिम धाग्याची साडी नेसून बसणे, यांतून अनेक घरांवर प्रसंग ओढवले. सुती कापड पेट घेते, पण कृत्रिम धागा वितळून कातडीला चिकटतो. पदर खोचण्याचा जुना नियम येथे अपुरा पडला.

आणि याच स्टोव्हने आपल्या समाजाला एक भयंकर वाक्य दिले: ‘स्टोव्हचा भडका उडाला.’ त्यांतील काही भडके खरेच अपघाताचे होते. काही नव्हते. हुंड्यासाठी जाळलेल्या सुनांच्या मृत्यूला हेच पांघरूण घातले जाई, आणि स्वयंपाकघर धोक्याचे असते हे सर्वांना ठाऊक असल्याने त्यावर विश्वासही बसे. १९८३ मध्ये भारतीय दंडविधानात विवाहित स्त्रीच्या छळाबद्दल कलम ४९८ अ आले, आणि १९८६ मध्ये हुंडाबळीचे कलम ३०४ ब आले. विवाहापासून सात वर्षांच्या आत स्त्रीचा भाजून किंवा अन्य अनैसर्गिक रीतीने मृत्यू झाला आणि त्यापूर्वी हुंड्यासाठी छळ झाल्याचे दिसले, तर कायदा आता ‘अपघात’ या शब्दावर थांबत नाही. राजाच्या ताटाला विष लागले की काय हे पाहण्यासाठी ज्या देशाने चकोराचे डोळे आणि ज्योतीचे रंग तपासले, त्या देशाला सुनेच्या मृत्यूची ज्योत तपासण्यासाठी एवढी शतके लागली!

स्टोव्हच्या मागून गॅस आला. १९५५ साली मुंबईत सिलिंडरमधील गॅस घरगुती वापरासाठी मिळू लागला आणि पुढे तो देशभर पसरला. या गॅसला मुळात वास नसतो. तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेतील टेक्ससमध्ये न्यू लंडन येथील शाळेत वास नसलेल्या नैसर्गिक वायूचा स्फोट होऊन जवळजवळ ३०० मुले व शिक्षक मृत्युमुखी पडले. त्यानंतर वायूत मुद्दाम दुर्गंधी पदार्थ मिसळण्याचा कायदा तेथे झाला, आणि ती रीत सर्वत्र रूढ झाली. हा पदार्थ गंधकाचा आहे. आणि गंमत अशी की आपल्या डब्यातील हिंगाचा उग्र दर्पही गंधकाच्याच संयुगांचा आहे. पिढ्यान्‌पिढ्या हिंगाच्या कणाने ज्यांचे नाक तयार झाले, त्यांना या नव्या वासाचा इशारा ओळखावयाला कठीण जाऊ नये. तो वास आला की दिव्याचे बटणही दाबू नये, खिडक्या-दारे उघडावीत, सिलिंडरचा खटका बंद करावा आणि सर्वांनी बाहेर पडावे. हे नियम आजच्या सासूने सुनेला, आणि तितकेच मुलालाही, कारणासह सांगितले पाहिजेत.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत तिच्याखाली आठ कोटी जोडण्या दिल्या गेल्या. हे काम मोठे आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरे ५८.६ टक्केच आढळली. जोडणी मिळणे आणि दुसरे सिलिंडर भरून आणण्याइतके पैसे हाताशी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या पाहणीच्या वेळी दहांतील चार घरांत फुंकणी अजून कोपऱ्यात उभी होती.

आणि जेवणाऱ्याचे काय? राजे गेले, पण ताटाची राखण संपली नाही. ती आता सर्वांसाठी करावी लागते. १९५४ साली अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा झाला; २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पुढे त्याची जागा घेतली. तरीही १९९८ मध्ये दिल्लीत पिवळ्या धोत्र्याच्या बियांची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने हजारो माणसांच्या अंगावर सूज चढली आणि साठांहून अधिक लोक मेले. मोहरी आणि धोत्र्याचे बी दिसावयास सारखेच. कौटिल्याच्या राजाजवळ चाखणारे होते. दिल्लीतील त्या गरीब कुटुंबांजवळ कोणी नव्हते. त्या घरातील बाईनेच आधी फोडणी दिली, आणि मागाहून तेच तेल तिच्याही पोटात गेले.

स्वयंपाकघराच्या शास्त्राचा हा प्रवास ध्यानात घेतला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. या ज्ञानाचा कस त्याच्या प्राचीनतेवर ठरत नाही, आणि नव्या यंत्रावरही ठरत नाही. ते कोणाचे रक्षण करते, यावर तो ठरतो. कल्हई, लोणचे, झाकणाखाली विझविलेले तेल, हे आपल्या आज्यांचे धन आहे, आणि ते कारणासह जपून ठेवले पाहिजे. कारण मुलूख सोडून आलेल्या आपल्यासारख्यांजवळ घर म्हणून सांगण्यासारखे जे थोडे उरते त्यात फोडणीचा वास असतो. पण त्याच घरातील एक माणूस त्या वासासाठी आपले डोळे देत होते, हेही त्या धनाच्या हिशेबात मांडले पाहिजे.

माझ्या आत्याच्या घरात आता गॅस आहे. तिची सून उभ्याने रांधते, ओट्यासमोर खिडकी आहे, आणि संध्याकाळी तिच्यातून बाहेरच्या चिंचेवरचे ऊन आत येते. जुनी चूल मागील अंगणात अंघोळीचे पाणी तापविण्यापुरती उरली आहे. आत्या गेली तेव्हा ती खिडकी पाडून झालेली नव्हती.